केंद्रकीय समीकरणे कशी संतुलित करावीत: दोन बेरजा आणि एक ताळा

दहावीपर्यंत रासायनिक समीकरणे संतुलित करण्याची सवय आपल्या इतकी अंगवळणी पडलेली असते की अकरावीत केंद्रकीय रसायन आणि किरणोत्सारिता हे प्रकरण समोर आले तरी हात जुन्याच वाटेने चालू लागतो. डावीकडे कार्बनचे अणू किती, उजवीकडे किती, हे मोजायला घ्यावे तर उजवीकडे कार्बन मुळी नसतोच. तिथे नायट्रोजन असतो. मग काही विद्यार्थी समीकरणापुढे हवे ते सहगुणक लिहून पाहतात, काही जण उत्तर पाठ करतात. या दोन्ही गोष्टींची गरज नाही. केंद्रकीय समीकरण हे रासायनिक समीकरणापेक्षा सोपे असते, मात्र त्यात काय मोजायचे हे आधी नीट ठरवावे लागते. ज्यांनी हे प्रकरण नुकतेच उघडले आहे, विशेषतः ज्यांचे शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमातून झाले आहे आणि आता इंग्रजी पुस्तकाशी झटापट चालू आहे, त्यांच्यासाठी ही मांडणी आहे.

रासायनिक अभिक्रियेत अणूंच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण होते आणि केंद्रकाला धक्का लागत नाही. म्हणून तिथे प्रत्येक मूलद्रव्याचे अणू दोन्ही बाजूंना सारखेच राहतात. केंद्रकीय अभिक्रियेत केंद्रकच बदलते. प्रोटॉनांची संख्या बदलली की मूलद्रव्य बदलते, त्यामुळे मूलद्रव्ये मोजून काहीच हाती लागत नाही. इथे दोनच गोष्टी टिकून राहतात: प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची मिळून एकूण संख्या, म्हणजे अणुवस्तुमानांकांची बेरीज, आणि एकूण विद्युतप्रभार, म्हणजे अणुअंकांची बेरीज. वहीत चिन्हाच्या डाव्या बाजूला वर लिहिलेला आकडा अणुवस्तुमानांक असतो आणि खाली लिहिलेला अणुअंक. या लेखात सोयीसाठी हे दोन्ही आकडे मूलद्रव्याच्या नावापुढे कंसात लिहिले आहेत. पहिला आकडा वरचा, दुसरा खालचा. युरेनियम (२३८, ९२) याचा अर्थ अणुवस्तुमानांक २३८, अणुअंक ९२. वहीत लिहिताना मात्र ते वर-खालीच लिहावेत, कारण परीक्षकाला तीच मांडणी अपेक्षित असते आणि बेरीज करतानाही डोळ्यांना तीच सोपी जाते.

पहिले काम म्हणजे कणांची ओळख पक्की करणे. प्रश्नात पुष्कळदा नुसते ‘अल्फा कण बाहेर पडतो’ असे वाक्य असते आणि आकडे आपल्याला घालावे लागतात.

अल्फा कण (४, २), म्हणजेच हेलियमचे केंद्रक
बीटा कण (०, −१), म्हणजेच इलेक्ट्रॉन
पॉझिट्रॉन (०, +१)
प्रोटॉन (१, १), म्हणजेच हायड्रोजनचे केंद्रक
न्यूट्रॉन (१, ०)
ड्यूटेरियम (२, १) आणि ट्रिटियम (३, १)
गॅमा किरण (०, ०)

ही यादी एकदा स्वतःच्या हाताने लिहून वहीच्या पहिल्या पानावर ठेवावी. एकाच कणासाठी पुस्तकांतून दोन-दोन चिन्हे येतात: अल्फा कण कुठे ग्रीक अक्षराने दाखवतात, कुठे हेलियमच्या चिन्हाने, प्रोटॉनसाठी कुठे ‘पी’ हे अक्षर असते, कुठे हायड्रोजनचे चिन्ह. चिन्ह कोणतेही असले तरी आकडे तेच असतात, आणि आपला संबंध आकड्यांशी आहे. आणखी एक शंका इथेच मिटवून टाकू. अल्फा कणावर दोन धनप्रभार असतात, मग आयनाच्या समीकरणाप्रमाणे चिन्हावर ‘दोन अधिक’ लिहायचे का? केंद्रकीय समीकरणात तसे लिहिण्याची पद्धत नाही. खालचा आकडाच केंद्रकाचा प्रभार सांगतो, आणि बाहेरच्या इलेक्ट्रॉनांचा हिशोब इथे धरतच नाहीत.

आता अल्फा क्षयापासून सुरुवात करू, कारण त्यात फसण्याजोगे फार काही नाही. युरेनियम-२३८ मधून अल्फा कण बाहेर पडला तर मागे काय उरते? अनोळखी केंद्रकाला ‘क्ष’ म्हणू.

युरेनियम (२३८, ९२) → क्ष + अल्फा (४, २)

वरची ओळ आधी सोडवावी: २३८ = क्षचा वरचा आकडा + ४, म्हणून तो २३४. मग खालची ओळ: ९२ = क्षचा खालचा आकडा + २, म्हणून तो ९०. शेवटी आवर्तसारणीत अणुअंक ९० असलेले मूलद्रव्य शोधावे, ते थोरियम. नाव नेहमी खालच्या आकड्यावरूनच ठरते. वरचा आकडा घेऊन आवर्तसारणीत शोधणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात, कारण सारणीत प्रत्येक चौकटीत एक दशांश चिन्हाचा आकडाही असतो आणि तो वरच्या आकड्याशी जुळवण्याचा मोह होतो. तो आकडा त्या मूलद्रव्याच्या नैसर्गिक समस्थानिकांची सरासरी असतो. एका विशिष्ट केंद्रकाशी त्याचा ताळमेळ बसेलच असे नाही. त्याच्याकडे पाहूच नये.

खरी अडचण बीटा क्षयात येते, म्हणून तिथे जरा थांबू. एका विद्यार्थिनीची वही माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. थोरियम-२३४ मधून बीटा कण बाहेर पडतो, उत्पादित केंद्रक ओळखा, असा प्रश्न होता. तिने ‘९० − १ = ८९’ असे लिहून ॲक्टिनियम हे उत्तर काढले होते, मग ते खोडले होते, पुन्हा तेच लिहिले होते आणि पुन्हा खोडले होते; कागद तिथे इतका झिजला होता की पलीकडच्या पानावरची शाई दिसत होती. आपले काहीतरी चुकते आहे हे तिला जाणवत होते, पण कुठे ते सापडत नव्हते. तिचा विचार वरवर पाहता सरळच होता: केंद्रकातून काहीतरी बाहेर पडले, म्हणजे काहीतरी कमी झाले असणार. पण बाहेर पडलेल्या कणाचा प्रभार ऋण आहे. ऋण वस्तू बाहेर गेली की मागे उरलेल्याचा धनप्रभार वाढतो. समीकरण पूर्ण लिहिले की हे आपोआप दिसते.

थोरियम (२३४, ९०) → क्ष + बीटा (०, −१)

खालची ओळ अशी मांडावी: ९० = क्ष + (−१). आता −१ डावीकडे नेताना चिन्ह बदलते, म्हणून क्ष = ९० + १ = ९१. अणुअंक ९१ म्हणजे प्रोटॅक्टिनियम. वरची ओळ २३४ = २३४ + ० अशीच राहते. उत्तर: प्रोटॅक्टिनियम (२३४, ९१). मी एवढेच सुचवेन की बीटा क्षयात निदान पहिली दहा समीकरणे सोडवताना ‘क्ष + (−१)’ हा कंस गाळू नये, तोंडी हिशोब करू नये. कंस लिहिला की चूक होत नाही. गाळला की हुशार विद्यार्थ्याचीही होते.

केंद्रकात मुळात इलेक्ट्रॉन नसतातच, मग तो येतो कुठून, असा प्रश्न पडला पाहिजे, आणि त्याचे उत्तरही एक संतुलित समीकरणच आहे.

न्यूट्रॉन (१, ०) → प्रोटॉन (१, १) + बीटा (०, −१)

केंद्रकातल्या एका न्यूट्रॉनचे प्रोटॉनमध्ये रूपांतर होते. कणांची एकूण संख्या तीच राहते, म्हणून वरचा आकडा हलत नाही; प्रोटॉन एकाने वाढतो, म्हणून खालचा आकडा एकाने पुढे सरकतो. हे एकदा मनात बसले की ‘बीटा क्षयात अणुअंक एकाने वाढतो’ हा नियम पाठ करावा लागत नाही. पुढच्या इयत्तांत याच समीकरणाच्या उजव्या बाजूला प्रतिन्यूट्रिनो नावाचा आणखी एक कण लिहिलेला दिसेल. वोल्फगांग पाउली यांनी १९३० मध्ये, बीटा क्षयातील ऊर्जेचा हिशोब जुळावा म्हणून, अशा जवळजवळ अदृश्य कणाची कल्पना मांडली होती. त्याचे दोन्ही आकडे शून्य असल्याने आपल्या दोन बेरजांवर त्याचा परिणाम होत नाही. तुमच्या पुस्तकात तो असेल तर लिहावा, नसेल तर समीकरण असंतुलित ठरत नाही.

पॉझिट्रॉन बाहेर पडतो तेव्हा सगळे उलट होते. रुग्णालयात कर्करोगाच्या तपासणीसाठी वापरले जाणारे फ्ल्युओरिन-१८ घ्या. ९ = क्ष + १, म्हणून क्ष = ८, आणि उत्तर ऑक्सिजन (१८, ८). इलेक्ट्रॉन ग्रहण हा प्रकारही अणुअंक एकाने कमीच करतो, पण तिथे इलेक्ट्रॉन बाणाच्या डाव्या बाजूला असतो, कारण केंद्रक तो गिळंकृत करते.

पोटॅशियम (४०, १९) + इलेक्ट्रॉन (०, −१) → अरगॉन (४०, १८)

पोटॅशियम-४० हे या बाबतीत मोठे बोलके उदाहरण आहे. त्याचे सुमारे ८९ टक्के केंद्रक बीटा क्षयाने कॅल्शियम (४०, २०) होतात आणि उरलेले बहुतेक सगळे वरील मार्गाने अरगॉन होतात. म्हणजे केंद्रक एकच, वाटा दोन, आणि उत्तर कोणते हे प्रश्नात कोणती प्रक्रिया सांगितली आहे त्यावर ठरते. म्हणून प्रश्नातले ‘उत्सर्जन’ आणि ‘ग्रहण’ हे शब्द अधोरेखित करून मगच पेन टेकवावे. गॅमा किरणांबद्दल सांगण्यासारखे थोडेच आहे: दोन्ही आकडे शून्य, त्यामुळे केंद्रक तेच राहते, फक्त त्यातली जादा ऊर्जा बाहेर पडते.

आतापर्यंत डावीकडे एकच केंद्रक होते. कण आदळवून घडवलेल्या अभिक्रियेत डावीकडे दोन जण असतात, आणि पद्धत तीच राहते. अर्नेस्ट रदरफर्ड यांनी १९१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नायट्रोजनवर अल्फा कण आदळले आणि प्रोटॉन बाहेर पडले.

नायट्रोजन (१४, ७) + अल्फा (४, २) → क्ष + प्रोटॉन (१, १)

डावीकडची वरची बेरीज १८, खालची ९. उजवीकडून प्रोटॉनचा १ आणि १ वजा केला की क्ष = (१७, ८), म्हणजे ऑक्सिजन-१७. जेम्स चॅडविक यांच्या १९३२ च्या न्यूट्रॉनच्या शोधातले समीकरणही असेच सोडवता येते: बेरिलियम (९, ४) + अल्फा (४, २) → कार्बन (१२, ६) + क्ष. वर १३ − १२ = १, खाली ६ − ६ = ०. वस्तुमानांक एक आणि प्रभार शून्य असलेला कण म्हणजे न्यूट्रॉन. इथे अणुअंक शून्य आला म्हणून घाबरून हिशोब पुन्हा करत बसू नये; क्ष नेहमी मूलद्रव्यच असले पाहिजे असे नाही.

प्रवेश परीक्षांत हीच समीकरणे आखूड रूपात येतात: नायट्रोजन-१४ (अल्फा, प्रोटॉन) ऑक्सिजन-१७. कंसाबाहेर डावीकडे मूळ केंद्रक, कंसात आधी आदळणारा कण आणि मग बाहेर पडणारा कण, शेवटी उत्पादित केंद्रक. असा प्रश्न आला की आधी तो लांब रूपात उतरवून घ्यावा. क्लोरिन-३५ (न्यूट्रॉन, प्रोटॉन) क्ष, याचे लांब रूप क्लोरिन (३५, १७) + न्यूट्रॉन (१, ०) → क्ष + प्रोटॉन (१, १) असे होते, आणि उत्तर सल्फर (३५, १६) येते.

विखंडनात, म्हणजे जड केंद्रक फुटून त्याचे दोन तुकडे होतात तेव्हा, सहगुणक प्रथमच लागतात. युरेनियम-२३५ वर न्यूट्रॉन आदळून बेरियम आणि क्रिप्टॉन तयार झाले, तर किती न्यूट्रॉन सुटले?

युरेनियम (२३५, ९२) + न्यूट्रॉन (१, ०) → बेरियम (१४१, ५६) + क्रिप्टॉन (९२, ३६) + क्ष न्यूट्रॉन (१, ०)

खालची ओळ आधीच जुळलेली आहे: ९२ = ५६ + ३६. वर २३६ = १४१ + ९२ + क्ष, म्हणून क्ष = ३. न्यूट्रॉनपुढचा ३ हा दोन्ही आकड्यांना गुणतो. ३ गुणिले १ बरोबर ३ आणि ३ गुणिले ० बरोबर ०. बीजगणितात आपण दोन्ही बाजूंना सारखे पद दिसले की उडवून टाकतो, तसे इथे डावीकडचा एक न्यूट्रॉन उजवीकडच्या तिनांपैकी एकाशी उडवू नये. एक न्यूट्रॉन विखंडन घडवतो आणि तीन सुटतात, यावरच साखळी अभिक्रिया उभी असते, आणि पालघर जिल्ह्यातील तारापूरच्या अणुभट्ट्यांत १९६९ पासून वीज निर्माण होते ती याच जादा न्यूट्रॉनांच्या जोरावर. विखंडन प्रत्येक वेळी एकाच प्रकारे होत नाही हेही लक्षात असू द्यावे. झेनॉन (१४०, ५४) आणि स्ट्रॉन्शियम (९४, ३८) हीही जोडी संभवते. तेव्हा न्यूट्रॉन दोनच सुटतात. म्हणून ‘विखंडनात तीन न्यूट्रॉन’ असे पाठ करणे धोक्याचे आहे.

विखंडनाच्या शोधाच्या इतिहासातला एक प्रसंग प्रत्येक विद्यार्थ्याने माहीत करून घ्यावा असे मला मनापासून वाटते. ओटो हान आणि फ्रिट्झ स्ट्रासमान यांना १९३८ च्या अखेरीस बर्लिनमध्ये, न्यूट्रॉनांचा मारा केलेल्या युरेनियममध्ये बेरियम सापडले. मग दुसरा तुकडा कोणता? आपल्या जानेवारी १९३९ च्या लेखात त्यांनी अणुवस्तुमानांकांची बेरीज करून पाहिली: बेरियम १३८ आणि मासुरियम १०१, मिळून २३९, म्हणजे युरेनियम-२३८ अधिक एक न्यूट्रॉन. वरची ओळ अगदी जुळली. मासुरियम हे अणुअंक ४३ च्या, आज टेक्नेशियम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मूलद्रव्याला तेव्हा दिलेले नाव होते. पण खालची ओळ पाहा: ५६ + ४३ = ९९, आणि युरेनियमचा अणुअंक तर ९२. लिझे माइटनर आणि ओटो फ्रिश यांनी प्रभाराकडे पाहिले. ९२ मधून ५६ गेले की ३६ उरतात, आणि ३६ म्हणजे क्रिप्टॉन. बेरियम ओळखणारे हे कसलेले रसायनशास्त्रज्ञ होते. तरीही एकाच ओळीची बेरीज जुळवून थांबल्यामुळे दुसरा तुकडा त्यांच्या हातून निसटला. तुमच्या गृहपाठात वरची ओळ जुळली की हायसे वाटेल, तेव्हा खालच्या ओळीचा ताळा करायचा राहिला आहे हे आठवावे.

ताळा करताना आणखी एक गैरसमज आडवा येतो: दोन्ही बाजूंचे अणुवस्तुमानांक सारखे असतील तर वस्तुमानही सारखे असणार, मग ऊर्जा येते कुठून? अणुवस्तुमानांक ही कणांची मोजलेली संख्या आहे, वजन नव्हे. ड्यूटेरियम आणि ट्रिटियम यांच्या संमीलनातून हेलियम आणि न्यूट्रॉन तयार होतात; वर २ + ३ = ४ + १, खाली १ + १ = २ + ०. आता प्रत्यक्ष वस्तुमाने पाहा. डावीकडे २.०१४१०२ आणि ३.०१६०४९ मिळून ५.०३०१५१ अणुवस्तुमान एकक, उजवीकडे ४.००२६०२ आणि १.००८६६५ मिळून ५.०११२६७ एकक. ०.०१८८८४ एककांची तूट आली. एका एककाला ९३१.५ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट या हिशोबाने ती सुमारे १७.६ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट भरते, आणि तेवढी ऊर्जा बाहेर पडते. संतुलन पूर्णांकांचे करायचे, ऊर्जा दशांशांतून काढायची. दोन्ही कामे एकाच ओळीत करू नयेत.

शेवटचा प्रकार साखळीचा. युरेनियम-२३८ पासून शिसे-२०६ होईपर्यंत किती अल्फा आणि किती बीटा कण बाहेर पडतात, असा प्रश्न हमखास विचारतात. चौदा पायऱ्या लिहित बसू नये. बीटा कणाने वरचा आकडा हलत नाही, म्हणून वरची सगळी घट अल्फा कणांची: २३८ − २०६ = ३२, आणि ३२ भागिले ४ बरोबर ८ अल्फा. या आठ अल्फा कणांनी खालचा आकडा १६ ने उतरून ९२ चा ७६ झाला असता. शिशाचा अणुअंक ८२ आहे, म्हणजे ६ ने वर चढावे लागले. म्हणून ६ बीटा. क्रम हाच ठेवावा, आधी अल्फा आणि मग बीटा. वरच्या फरकाला ४ ने पूर्ण भाग गेला नाही, तर आकडे उतरवण्यात चूक झाली आहे किंवा ती साखळी संभवतच नाही. युरेनियम-२३८ पासून शिसे-२०७ होऊ शकत नाही, कारण ३१ ला ४ ने भाग जात नाही. शिसे-२०७ हे युरेनियम-२३५ च्या साखळीच्या टोकाला येते.

सरावासाठी भारताच्या अणुकार्यक्रमाशी जवळचे नाते असलेले थोरियम घ्यावे. केरळ, तामिळनाडू आणि ओडिशाच्या किनाऱ्यावरील वाळूत सापडणाऱ्या मोनाझाइटमध्ये ते असते. थोरियम (२३२, ९०) ने एक न्यूट्रॉन शोषला की थोरियम (२३३, ९०) होते. त्यातून लागोपाठ दोन बीटा कण बाहेर पडतात. मधले आणि शेवटचे केंद्रक पुढे न वाचता काढून पाहा. मधले प्रोटॅक्टिनियम (२३३, ९१) आणि शेवटचे युरेनियम (२३३, ९२) यायला हवे. दुसरे उदाहरण: बोरॉन (१०, ५) + न्यूट्रॉन (१, ०) → क्ष + अल्फा (४, २), उत्तर लिथियम (७, ३). तिसरे: आयोडीन (१३१, ५३) मधून बीटा कण बाहेर पडला, उत्तर झेनॉन (१३१, ५४). आणि चौथे: थोरियम-२३२ पासून शिसे-२०८ पर्यंतच्या साखळीत किती अल्फा आणि किती बीटा? सहा आणि चार असे उत्तर आले, तर ९० − १२ + ४ हा खालच्या ओळीचा ताळाही ८२ येतो का, ते करून पाहा.